दोन पहिल्या पानांची वही

एका वहीला दोन पहिली पानं असू शकतात की नाही, या प्रश्नावरून वायमुरी गावात गेल्या हिवाळ्यात सतरा सभासदांची संस्था दुभंगली, एका चुलत भावाने आणि बहिणीने एकमेकांशी बोलणं टाकलं, आणि लेनॉक्स डनबार या निवृत्त पोस्टमास्तराला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी लोकांनी 'बंडखोर' म्हटलं. त्याआधी लेनॉक्सला लोक फार तर 'वक्तशीर' म्हणत असत.

सुरुवात अगदी साधी झाली. राजधानीतल्या 'स्मृतिकोश' नावाच्या डिजिटल ग्रंथसंग्रहाने गावोगावच्या इतिहास मंडळांना कळवलं, की तुमच्याकडची एक जुनी वस्तू पाठवा, पानापानाचे फोटो काढून, क्रम लावून. जूनच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. वायमुरीच्या मंडळाकडे वस्तू म्हणजे दोन गंजलेले नांगर, एक व्हेल माशाचा मणका आणि निशाणचौकीची वही. नांगराला पानं नसतात, तेव्हा वहीच ठरली.

"हे काम मी करतो," मंडळाचा मानद सचिव या नात्याने लेनॉक्स म्हणाला. "क्रम लावणं म्हणजे टपाल लावणंच. बेचाळीस वर्षं लावलंय. माझ्या हातून एक पत्र चुकीच्या खणात गेलेलं नाही."

"एक गेलं होतं," चहा ओतता ओतता त्याची बायको आयलीन म्हणाली.

"त्यावरचा पत्ताच चुकीचा होता!"

हा वाद त्यांच्या घरात एकोणीसशे एक्याऐंशीपासून चालू आहे. तो इथे नको.

आता ही वही. खाडीच्या तोंडावर, टेकडीवर, पूर्वी निशाणचौकी होती. तिथे थडियस क्रॉल नावाचा माणूस येणाऱ्या जहाजांना निशाणं दाखवायचा आणि कोण आलं, कोण गेलं, वारा कुठला, ते वहीत लिहायचा. सरकार कागद देताना तेव्हाही हात आखडता घेत असे. म्हणून थडियसची बायको हॅना हिने तीच वही उलटी धरली आणि मागच्या बाजूने स्वतःच्या नोंदी सुरू केल्या. हॅना सुईण होती. आठ वर्षांत तिने एकशे एकतीस बाळंतपणं केली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली: आई कोण, मूल काय, किती वाजता, आणि बापाचा उपयोग झाला की नाही. शेवटच्या सदराखाली बहुतेक ठिकाणी 'नाही' होतं.

म्हणजे वही पुढून उघडली की नवरा, आणि उलटी करून मागून उघडली की बायको. नवऱ्याची एकशे एकवीस पानं, बायकोची ब्याण्णव, आणि मधे एक पान दोघांचं. त्या पानावर वरच्या अर्ध्यात थडियसचं अक्षर सुलटं, खालच्या अर्ध्यात हॅनाचं उलटं, आणि मधे एक ठसठशीत रेघ. थडियसची एक ओळ रेघेच्या पलीकडे घसरली होती. तिच्याशेजारी हॅनाने लिहून ठेवलं होतं: 'ही जागा माझी आहे.' संसार म्हणतात तो एवढाच असतो, पण इतका नेटका लिहिलेला क्वचित सापडतो.

फोटो काढायला चार दिवस लागले. गावच्या वाचनालयातली मेरेआना पोहाटू हिने स्कॅनर दिला, कापसाच्या उशा दिल्या, आणि वही कशी उघडायची ते शिकवलं. मेरेआना चाळिशीची, हसरी, पण वहीच्या बाबतीत कडक. लेनॉक्सला ती तिच्या लोकांच्या पद्धतीने 'मतुआ' म्हणायची. वडिलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं. पोस्टात बेचाळीस वर्षांत त्याला इतक्या आदराने कुणी हाक मारली नव्हती. त्यामुळे तो तिचं सगळं ऐकायचा.

"मतुआ, फोटो हे अर्धंच काम," ती म्हणाली. "आता त्यांना सांगायचं, की कुठलं पान कितवं, आणि वहीचे भाग कुठले. ते नाही सांगितलं तर हा नुसता दोनशे चौदा फोटोंचा ढीग."

"समजलं. पत्त्याशिवाय टपाल."

"अगदी."

लेनॉक्स खुशीत फॉर्म भरायला बसला. 'क्रमांक १' या रकान्यात थडियसचं पहिलं पान टाकलं. ओळीने टाकत गेला. एकशे एकविसावं टाकलं, दोघांचं टाकलं, आणि पुढचं टाकायला गेला तो हात थांबला. पुढचं पान म्हणजे हॅनाचं शेवटचं. त्याच्यापुढे तिचं शेवटून दुसरं. असं उलटं उलटं जात दोनशे चौदाव्या जागी तिचं पहिलं पान येत होतं. शिवाय प्रत्येक पान डोक्यावर उभं.

कुंपणापलीकडे विन्स ब्रेथवेट शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव खात उभा होता. विन्स म्हणजे मेंढ्या कातरण्याची कंत्राटं घेणारा, आता गुडघे गेल्यामुळे फक्त सल्ले देणारा.

"अरे लेन, पानं कशी का असेनात," तो म्हणाला. "ज्याला वाचायचं असेल तो कॉम्प्युटर उलटा धरेल."

"आणि क्रम? ती बाई उलटी वाचायची? आधी शेवट, मग सुरुवात?"

"कोण बघतंय रे क्रम! मेंढी कुठूनही कातरायला घे, लोकर तेवढीच."

आयलीनचा सल्ला आणखी सोपा होता. "कात्रीने मधून काप," ती म्हणाली. हे ऐकून मेरेआनाने वही उचलली आणि दोन दिवस कपाटात कुलूपबंद ठेवली.

लेनॉक्सने स्मृतिकोशाला फोन लावला. तिथे क्विंटन नावाचा अधिकारी होता. आवाजावरून तरुण, सभ्य आणि दगडासारखा.

"सर, आमच्या प्रणालीत एका वस्तूला एकच क्रम असतो."

"या वहीला दोन आहेत."

"वहीला असतील, सर. प्रणालीत एकच आहे."

"मग हॅनाबाईंचं काय करू?"

क्विंटनने थोडा वेळ टकटक केलं. "भागांच्या यादीत 'परिशिष्ट' असा पर्याय आहे. नाहीतर 'इतर'."

लेनॉक्स हा शांत माणूस. पोस्टाच्या खिडकीसमोर लोकांनी मूठ आपटली तरी तो तिकिटं मोजत राहायचा. पण 'इतर' हा शब्द त्याच्या कानात गेला आणि कुठेतरी आत जाऊन बसला.

"मिस्टर क्विंटन," तो म्हणाला, "या बाईने एकशे एकतीस पोरं जगात आणली. अर्धं वायमुरी तिच्या हातावर जन्मलं. आणि जहाजं मोजणारा नवरा मुख्य, आणि ही इतर?"

"तसा अर्थ नाही, सर. तो फक्त रकाना आहे."

"आयुष्यभर मी रकान्यांतच काम केलंय. रकान्याला अर्थ असतो!"

त्याने फोन ठेवला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आयलीनने सांगितलं, की लग्नाच्या दिवशीसुद्धा ते एवढे लाल नव्हते.

क्विंटनने बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी तोडगा कळवला: एका वहीच्या दोन वस्तू करा. म्हणजे एक थडियसची, एक हॅनाची. लेनॉक्सने केल्या. हॅनाची पानं सुलटी करून पहिल्यापासून ओळीने लावली, आणि शेवटी ते दोघांचं पान टाकलं. प्रणाली म्हणाली: 'हे चित्र आधीच अस्तित्वात आहे.' त्याने त्या पानाचा नवा फोटो काढला. प्रणाली म्हणाली: 'हे चित्र आधीच्या चित्रासारखं आहे.' त्याने पान वळवून फोटो काढला. प्रणालीने त्याला चोवीस तासांसाठी बाहेर काढलं.

"म्हणजे ते पान नवऱ्याकडे राहिलं," मेरेआना म्हणाली.

"ज्यावर 'ही जागा माझी आहे' असं तिने लिहून ठेवलंय, ते!" लेनॉक्स म्हणाला. "आणि दोन वस्तू केल्या की ती एकाच वहीत लिहीत होती हेच कुणाला कळणार नाही. संसारच मोडला की मी त्यांचा!"

तरी चाचणी म्हणून त्याने पहिली मांडणी, म्हणजे सगळी एका क्रमाने, वाचनालयाच्या पडद्यावर लावून पाहिली. आणि तिथेच घोळ झाला, कारण त्या वेळी वाचनालयात विणकामाची पुस्तकं बदलायला नॉर्मा आली होती. नॉर्मा ही विन्सची चुलत-चुलत बहीण. दोघांचे आजोबा जुळे भाऊ: विन्सचा आजोबा ॲंगस थोरला, नॉर्माचा आजोबा यूअन धाकटा. थोरला म्हणून टेकडीवरचं चांगलं कुरण ॲंगसकडे गेलं, धाकटा म्हणून यूअनला दलदल मिळाली. आता जन्माच्या नोंदीत ॲंगस होता एका पानाच्या तळाशी आणि यूअन पुढच्या पानाच्या माथ्याशी. उलट क्रमात पडद्यावर यूअन आधी आला.

अर्ध्या तासात नॉर्माने विन्सला फोन केला. "छापून आलंय. माझा आजोबा थोरला. कुरणाचं फाटक उघडं ठेव."

विन्स चप्पल न घालता, मोज्यांवर, गारांच्या पावसात कुंपण ओलांडून आला. "लेन! हा काय क्रम लावलास तू?"

"कोण बघतंय क्रम," लेनॉक्स म्हणाला. आयुष्यात इतकं समाधानाचं वाक्य त्याने फार कमी वेळा उच्चारलं असेल.

"मस्करी करू नकोस! ती नॉर्मा मोजपट्टी घेऊन कुरणात उभी आहे!"

त्या दिवसापासून विन्स क्रमाचा कट्टर भक्त झाला. 'पान म्हणजे पान, आधीचं ते आधीचं,' असं तो लोकर गोदामात, पेट्रोल पंपावर, माशांच्या दुकानात सांगत फिरू लागला. नॉर्माला मूळ नोंदीतल्या वेळा दाखवल्या, ॲंगस सव्वाचार, यूअन पावणेपाच. तिने चष्मा पुसून वाचल्या आणि म्हणाली, हॅनाबाईंचं घड्याळ मागे असेल. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत ते अजून नाहीत.

लेनॉक्सने आता ठरवलं, की ज्या शस्त्राची आपल्याला सवय ते काढायचं. रजिस्टर टपाल. ई-मेल न वाचता पुसून टाकता येतं. रजिस्टर पत्रावर सही करावी लागते. दर सोमवारी त्याने स्मृतिकोशाला एक पत्र धाडलं. अर्धं पत्र सुलटं, आणि उरलेलं अर्धं कागद फिरवून, खालून वर. मजकूर रोखठोक: 'आपल्या प्रणालीत ही वही मावत नसेल तर दोष वहीचा नाही. वही आधी होती.' सहा सोमवार गेले. सातव्या पत्रानंतर क्विंटनचा फोन आला.

"सर, माझी मान आखडली आहे."

"उलटं वाचून?"

"हो. आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं काय झालं. मी पत्रं दाखवली. त्यांनीच ही प्रणाली मुळात आखली होती." क्विंटनचा आवाज जरा खाली गेला. "त्या म्हणाल्या, त्याच चित्रांवर दोन क्रम लावायची सोय त्यात नऊ वर्षांपासून आहे. दोन्ही क्रम, दोन्ही भाग, आणि एखादं पान दोघांतही. कुणी मागितलीच नाही म्हणून फॉर्मवर दाखवत नव्हतो."

"नऊ वर्षं?"

"हो, सर."

"आता दाखवा."

"दाखवतो. फक्त एक आहे. वही उघडली की पहिल्यांदा कुठला क्रम दिसायचा, ते एक निवडावं लागेल. दोन्ही एकदम पहिले नाही करता येत."

लेनॉक्सला वाटलं, ही काय मोठी गोष्ट. मंडळाच्या बैठकीत एका मिनिटात होईल. बेचाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसूनही त्याला माणसं कळली नव्हती, हे इथे कबूल करायला हवं.

मंडळाचा अध्यक्ष डेस्मंड क्रॉल, थडियसचा पणतू. दुधाच्या धंद्यातून निवृत्त झालेला, पण बोलताना अजून गाई हाकल्यासारखा बोलणारा. बैठक ठरली त्याच शेवटच्या शुक्रवारी दुपारी अडीचला, वाचनालयामागच्या हॉलमध्ये. टेबलावर चीज रोल, चहाची मोठी किटली, आणि मेरेआनाने आणलेली वही, उशीवर.

"यात बोलण्यासारखं काय आहे?" डेस्मंड म्हणाला. "निशाणचौकीची वही. निशाणवाला आधी. पणजोबा सरकारी नोकर होते. पणजीने मागे काहीतरी खरडलं."

"डेस्मंड, ती तुझीच पणजी आहे," मेरेआना म्हणाली.

"आहे ना. पण आडनाव त्यांचं."

लेनॉक्स उठला. सभेत तो नेहमी बसून इतिवृत्त वाचायचा; उभा राहिलेला पाहून दोघांना वाटलं बैठक संपली, त्यांनी कोट घेतले.

"बसा," लेनॉक्स म्हणाला. "मी दोन नोंदी वाचतो. एकाच दिवसाच्या. चौदा जून, अठराशे एक्याण्णव." त्याने वही पुढून उघडली. "थडियस क्रॉल: 'वारा नैर्ऋत्येचा, जोरदार. सकाळी दोन डोलकाठ्यांचं एक जहाज दिसलं, आत आलं नाही. बाकी विशेष काही नाही.'"

मग त्याने वही सावकाश उलटी केली आणि मागून उघडली.

"हॅना क्रॉल: 'पहाटेपासून कळा. बोलवायला दुसरी सुईण नाही, सुईण मीच. दुपारी दोनला मुलगा. नऊ पौंड. नाव रॉबर्ट. बापाचा उपयोग: जहाज बघत होता.'"

आधी विन्स खिंकाळला. मग सगळेच. एकीचा चीज रोल घशात अडकला, तिच्या पाठीवर नॉर्माला मारावं लागलं. डेस्मंड मात्र हसला नाही. रॉबर्ट म्हणजे त्याचे सख्खे आजोबा.

"'विशेष काही नाही' ते हे," लेनॉक्स म्हणाला. "ते आधी लावायचं असेल तर हात वर करा."

खरं तर त्याने इथे बसायला हवं होतं. माणूस जिंकत असताना गप्प बसला तर जिंकतो. पण त्याला आणखी दहा मिनिटं बोलायचं होतं, रकाने, टपाल आणि न्याय या विषयांवर, आणि त्या दहा मिनिटांत लोकांचं हसू ओसरलं, डेस्मंडकडून दरवर्षी मिळणारं दूध आठवलं, हॉलचं छत त्यानेच दुरुस्त करून दिल्याचं आठवलं. मत झालं: थडियस आठ, हॅना सात. डेस्मंड अध्यक्ष म्हणून तटस्थ. सतरावी आयलीन.

"आयलीनचं मत?" मेरेआनाने विचारलं.

"तिचा हात वर नव्हता," डेस्मंड म्हणाला.

"माझ्या दोन्ही हातांत किटली होती!" आयलीन ओरडली. "तुझ्याच कपात ओतत होते मी, डेस्मंड! मग काय किटली वर करायची होती?"

"नियमात हात म्हटलंय."

"आठ-आठ होतात," लेनॉक्स म्हणाला.

"आठ-सात झाले," डेस्मंड म्हणाला. "ठराव झाला. सचिवांनी आजच पाचच्या आत फॉर्म पाठवावा. थडियस पहिला."

चार वाजले होते. लेनॉक्स वाचनालयात कॉम्प्युटरपुढे बसला. दोन्ही क्रम तयार होते, दोघांचं पान दोन्हींत होतं, हॅनाची पानं सुलटी होती. एकच रकाना रिकामा: 'प्रथम दिसणारा क्रम.'

त्याने बेचाळीस वर्षांत एकही नियम मोडला नव्हता. एकदा स्वतःच्या आईच्या पत्रावर तिकीट कमी होतं, तर तिच्याकडून दंड घेतला होता. आई आठ महिने बोलली नव्हती. आता तो त्या रकान्याकडे बघत राहिला. बाहेर गारा वाजत होत्या. मेरेआना पुस्तकं लावत होती, मुद्दाम पाठ करून.

"मेरेआना," तो म्हणाला, "तुझी पणजी आहे ना यात?"

"चौतिसावी नोंद, मतुआ. तिच्या जन्माचा दुसरा कागद जगात कुठेच नाही."

"बापाचा उपयोग?"

"'पाणी आणलं. बरा माणूस.' आख्ख्या वहीत असे चारच आहेत."

चार वाजून पंचावन्न मिनिटांनी लेनॉक्सने 'हॅना क्रॉल' निवडलं आणि बटण दाबलं. मग कोट घातला, टोपी घातली, आणि घरी जाऊन आयलीनला म्हणाला, "मी ठराव मोडला."

"चहा घेणार?" आयलीन म्हणाली. पण तिने ठेवणीतला कप काढला.

सोमवारी मंडळाने त्याला सचिवपदावरून काढलं. माफी मागायला सांगितली. त्याने लेखी कळवलं: 'मागत नाही. डनबार.' गावात दोन तट पडले. काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि ज्यांच्याशी तो वीस वर्षांत बोलला नव्हता त्यांनी सुरू केलं, तेव्हा एकूण जमाखर्च सारखाच राहिला. वाचनालयात मात्र गर्दी उसळली. जो तो आपल्या आजोबा-पणजोबांचा उपयोग झाला होता की नाही, ते बघायला येई. बायका हसत बाहेर पडत, पुरुष जरा पडेल चेहऱ्याने.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, दारावर थाप पडली. डेस्मंड क्रॉल. हातात टोपी आणि कागदांचा गठ्ठा.

"क्रम बदलून घ्यायचाय," तो दाराबाहेरूनच म्हणाला. "राजधानीत फोन केला. तो क्विंटन म्हणतो अर्ज करा. नऊ पानी आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." त्याने घसा साफ केला. "गावात हे फक्त तुला येतं."

विन्स कुंपणावर कोपर टेकून उभा होता. त्याने अशी काही खूण केली, की दार धाडकन लाव. लेनॉक्सने दार पूर्ण उघडलं.

"ये, बस. आपण भरू."

आणि त्याने खरंच भरायला घेतला. नाव, पत्ता, वस्तूचा क्रमांक, सध्याचा क्रम, मागितलेला क्रम. टपालखात्यातल्या माणसाच्या अक्षरात, सुबक. आयलीनने चीज रोल ठेवले. आठ पानं झाली. नवव्या पानावर एकच मोठा चौकोन होता. लेनॉक्सने कागद फिरवून डेस्मंडपुढे ठेवला आणि पेन दिलं.

"हे तुला स्वतःच लिहावं लागेल. 'बदल का हवा, ते किमान पन्नास शब्दांत लिहा.'"

डेस्मंडने पेन घेतलं. 'कारण हॅना क्रॉल ही' एवढं लिहिलं. थांबला. एक चीज रोल खाल्ला. परत पेन उचललं. खिडकीबाहेर बघितलं, दुसरा रोल खाल्ला, चौकोनाकडे बघितलं. लेनॉक्स घड्याळाकडे न बघता शांत बसून राहिला. खिडकीमागे बसून वाट बघण्यात त्याचा हात कुणी धरू शकला नसता.

"नऊ पौंड," बऱ्याच वेळाने डेस्मंड स्वतःशीच म्हणाला. "एकटीने."

"हो."

डेस्मंडने पेनाला टोपण लावलं. अर्जाची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. दारात पोचल्यावर वळून म्हणाला, "घरी जाऊन पूर्ण करतो."

"सावकाश कर," लेनॉक्स म्हणाला. "मुदत नाही त्याला."

याला आता अकरा महिने झाले. अर्ज अजून पाठवलेला नाही.